बाहेर काढलेल्या जिभेची जाडी

सोळाव्या वर्षी मी जीभ टोचून घेतली. त्यासाठी घेतलेल्या दहा मोजमापांपैकी एकही चुकीचे नव्हते, आणि तरीही उत्तर चुकले.

या टोचण्यामागे बंडखोरी आहे, असे माझ्या मावशीचे मत होते. संगतीचा परिणाम आहे, असे शेजारच्या काकूंचे. पहिल्या मताला पुरावा नव्हता आणि दुसऱ्याला संगत नव्हती, कारण त्या वर्षी माझी एकमेव मैत्रीण बोटाला टाचणी लागली तरी बाकावर आडवी होत असे. खरी गोष्ट एवढीच होती की ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्का मारणाऱ्या बाई एकदा मोठ्याने हसल्या, तेव्हा त्यांच्या जिभेवरचा चांदीसारखा मणी मला दिसला, आणि तो मला हवासा वाटला. पुढचे तीन महिने मी त्या वाटण्यावर लक्ष ठेवले. ते कमी झाले नाही.

माझे वडील एका यंत्रकारखान्याच्या मापन-कक्षात होते. त्या खोलीचे तापमान बारा महिने वीस अंशांवर ठेवलेले असे, आणि तिथे शिंकायचे असेल तर बाहेर जावे लागे. कारखान्यातले प्रत्येक मापयंत्र वर्षातून दोनदा बाबांच्या टेबलावर येई आणि त्यांची सही घेऊन परत जाई. आपल्या सहीशिवाय कारखान्यातून खिळासुद्धा बाहेर पडत नाही, असे ते म्हणत. कारखान्यात खिळे होतच नाहीत, हे आई लगेच लक्षात आणून देई.

जेवताना विषय काढला.

"बाबा, मला जीभ टोचायचीय."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "कशाने?"

"पोकळ सुईने. नंतर आत टायटेनियमची कांडी. दोन्ही टोकांना मणी."

"ग्रेड कुठली?"

"अगं आई गं!" आई म्हणाली. "पोरगी जिभेला भोक पाडायचं म्हणतेय आणि तुम्ही ग्रेड विचारताय?"

"मग काय विचारू? भोक सगळीकडे सारखंच पडतं. फरक ग्रेडनेच पडतो."

"आणि तुम्ही दोघं मिळून जे काही डोक्यात आणता, ते नेहमी माझ्याच डोक्यावर येतं!"

"मायक्रॉन," बाबा मला म्हणाले, हे माझे घरातले नाव, "लिहून आण. न वाचलेल्या कागदावर मी सही करत नाही."

अठरा वर्षांखालच्यांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय टोचत नाहीत, त्यामुळे सही हाच सगळा प्रश्न होता. मी चौदा पानांचा अहवाल तयार केला. त्यात जिभेच्या रक्तवाहिन्यांची आकृती होती, संसर्गाची टक्केवारी होती, दात झिजल्याची आणि हिरडी मागे सरकल्याची प्रकरणे होती. ती मी लपवली नाहीत. उलट त्यांच्यावरच माझा मुख्य युक्तिवाद उभा होता. दातांना इजा होते ती बहुधा गरजेपेक्षा लांब कांडी दातांवर आपटत राहते म्हणून. तेव्हा कांडी अंदाजाने न घेता मापाने घ्यावी, असा माझा निष्कर्ष होता.

बाबांनी पेन्सिल घेऊन दोन दिवस वाचले.

"हेतूच्या रकान्यात नुसतं 'आवड' लिहिलंयस."

"खरं तेवढंच आहे."

"असू दे. तिथं मोठमोठी कारणं लिहिणाऱ्यांचे कागद मी परत पाठवतो." त्यांनी पान उलटले. "पण सही एकदाच मिळेल. काही कारणाने कांडी काढावी लागली, तर पुढची अठरा वर्षांनंतर, स्वतःच्या सहीने. दुरुस्तीचा अर्ज चालणार नाही."

मी ती अट अहवालात जोडली आणि खाली सही केली.

आई स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली आहे, अशांना ती पुन्हा बोलायला शिकवत असे. जीभ हे तिचे रोजचे कामाचे ठिकाण होते. तिचे म्हणणे थोडक्यात होते: "जीभ म्हणजे वस्तू नव्हे गं. ती दर क्षणाला वेगळी असते. मी दिवसभर दुसरं काय बघते?" अहवालात मी हा आक्षेप क्रमांक चार म्हणून नोंदवला आणि पुढे लिहिले, 'भावनिक स्वरूपाचा. दखल घेतली आहे.' बाबांनी त्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. अशा रीतीने आयुष्यभर धातू हाताळलेल्या एका माणसाने आणि त्याच्या मुलीने, घरात जीभ कळणाऱ्या एकमेव व्यक्तीचे मत निकालात काढले.

मोजमाप न्हाणीघरातल्या आरशासमोर झाले. बाबांच्या व्हर्निअर मापकाचे जबडे स्पिरिटने पुसले, जीभ बाहेर काढून गॉझच्या तुकड्याने धरली, आणि टोकापासून ठरावीक अंतरावर जाडी मोजली. दहा वाचने, म्हणजे दहा वेळा घेतलेले माप. सरासरी दहा पूर्णांक चार मिलिमीटर. वाचनांमधला फरक इतका कमी की बाबांनी भुवया उंचावून मान डोलावली. सुजेसाठी एक तृतीयांशाहून अधिक जागा धरून मी चौदा मिलिमीटरची कांडी निश्चित केली.

टोचणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. सगळे त्यांना दादा म्हणत. दुकान दवाखान्यासारखे पांढरे आणि दवाखान्यापेक्षा स्वच्छ होते. मी आधी वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र पाहायला मागितले, मग त्यात ठेवतात ती रंग बदलणारी पट्टी, मग नोंदवही.

"पोरी, तू टोचायला आलीस की छापा घालायला?" दादा म्हणाले, पण वही त्यांनी दाखवली, आणि ती व्यवस्थित होती.

भांडण लांबीवरून झाले.

"पहिल्यांदा मी वीसची घालतो," दादा म्हणाले. "सगळ्यांना. सूज उतरली की महिन्याभराने आखूड."

"सगळ्यांना म्हणजे मोजून नाही. वीसची दातांवर आपटेल. प्रकरणं जोडलीत, पान नऊ."

"सूज काही पान नऊ वाचून येत नाही."

"सुजेसाठी साडेतीन मिलिमीटर सोडलेत."

दादांनी बाबांकडे पाहिले. बाबा खुर्चीत सरळ बसले होते, मांडीवर फाइल. "आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "मी तपासलेत."

"लोक कपाटाची मापं घेऊन येतात, पडद्याची येतात," दादा कार्ड भरत पुटपुटले, "जिभेची यायची राहिली होती, तीही आली." कार्डावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'लांबी ग्राहकाच्या आग्रहावरून', आणि आम्हा दोघांकडून त्याखाली सही घेतली. मग जिभेवर जांभळा ठिपका दिला, चिमटा लावला, मला श्वास सोडायला सांगितला. सुई जायला दोन सेकंदही लागले नाहीत. दुखणे अपेक्षेहून कमी होते, आणि बाहेर आलेल्या जिभेवर कांडी अगदी ऐटीत बसली होती. दादांनी तिच्याकडे पाहून ओठ मुडपले.

पहिल्या दिवशी मी बर्फ चघळला आणि स्वतःवर खूश राहिले. दुसऱ्या दिवशी बाबा कामासाठी दुसऱ्या गावच्या कारखान्यात गेले, चार दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आरशात पाहिले, तेव्हा वरचा मणी निम्मा जिभेत गेलेला होता.

सूज येणार हे ठरलेलेच होते. पण मी ज्याला सूज समजत होते त्यातले निम्मे सूज नव्हतेच. जीभ बाहेर काढली की मणी थोडा वर येई. तोंडात परत घेतली की पुन्हा रुते. हे मी चार वेळा करून पाहिले आणि मग तिथेच, तोंड उघडे ठेवून, उभी राहिले. जिभेत हाड नसते. तिचे आकारमान बदलत नाही. ओली माती ओढून लांबवली की बारीक होते, तशी बाहेर काढलेली जीभ बारीक होते आणि आत घेतलेली जाड. मी जिभेची जाडी मोजली नव्हती. मी बाहेर काढलेल्या जिभेची जाडी मोजली होती, दहा वेळा, अत्यंत अचूकपणे. आणि जीभ बाहेर काढून कोणी जगत नाही.

दादांना फोन केला. मी जे काही म्हणाले, ते मलाही कळले नाही.

"मणी आत चाललाय ना?" दादा म्हणाले. "हं. माझ्या अंदाजाने कालच फोन यायला हवा होता. हे बघ, लांब कांडी घालू. पण दुपारपर्यंत ये. संध्याकाळपर्यंत वरून कातडी आली, तर ते डॉक्टरचं काम, आणि डॉक्टर आधी काढून टाकेल. आणि पालक घेऊन ये. पालक समोर नसताना मी बोटही लावणार नाही. कळलं?"

कळले होते. काढलेल्या कांडीचे भोक काही तासांत बुजते. ते बुजले की माझ्या सहीने मान्य केलेली अट लागू होणार होती: आणखी दोन वर्षे. बाबा दोनशे किलोमीटरांवर होते. उरलेला पालक म्हणजे आक्षेप क्रमांक चार.

मी एका पानाचा अर्ज लिहिला, वस्तुस्थिती, चूक, मागणी, आणि आईच्या दवाखान्यात गेले.

आईची खोली लहान होती: आरसा, दोन खुर्च्या, भिंतीवर तोंडाच्या आतल्या भागाचा मोठा तक्ता. समोर कंडक्टर काका बसले होते. तीस वर्षे त्यांनी बसमध्ये तिकिटे फाडली होती. पक्षाघातानंतर सगळे शब्द गेले, फक्त 'पुढे चला' एवढे उरले. होकार असो, नकार असो, चहा हवा असो, ते तेच म्हणत, आणि स्वरावरून समजून घ्यावे लागे.

"आलीस?" आई म्हणाली. तिने माझ्या हातातला कागद पाहिला, पण घेतला नाही. "आधी आ कर."

टॉर्च लावून तिने वरून पाहिले, खालून पाहिले, बोटाने कडेला दाबले. मग टॉर्च बंद केला.

"वेळ आहे अजून. दोन तास तरी. बोल, काय झालं?"

मी कागद पुढे केला.

"कागद बाबांच्या खोलीत चालतात. इथं बोलतात."

या खोलीचा एक नियम होता आणि तो मला लहानपणापासून ठाऊक होता: समोरच्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. नातेवाईक इथे येत, रुग्ण 'पा' म्हणाला की 'पाणी' म्हणून पेला पुढे करत, आणि आई त्यांना बाहेर बसवून ठेवी. माणूस 'पाऊस' म्हणत असेल, 'पाकीट' म्हणत असेल. त्याच्या वतीने ठरवणारे आपण कोण, असे ती विचारी. त्यासाठी ती वाटेल तितका वेळ थांबे. तो नियम माझ्यावर कधी लागू होईल, असे मला वाटले नव्हते.

"मी..." मी म्हणाले. ओठांचे आवाज शाबूत होते. जिभेचे सगळे एकमेकांत मिसळून येत होते. "मी... चुकले."

"हं."

"जीभ... बाहेर... बारीक असते."

हे समजण्याजोगे म्हणायला मला तीन प्रयत्न लागले. आईने ओठ घट्ट मिटून घेतले. मी तेव्हाही नीट निरीक्षण करत होते, म्हणून खात्रीने सांगते: तिच्या तोंडात एक तयार वाक्य आले होते, आणि ते तिने तिथेच ठेवले.

"मग? आता काय हवंय?"

"मोठी..." मी सुरुवात केली.

"काढ!" कंडक्टर काका म्हणाले.

आई खुर्चीतच वळली. "काका! काय म्हणालात?"

"काढ." काकांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते आणि चेहऱ्यावर निखळ तिरस्कार होता. "काढ. काढ ते."

"शाब्बास!" आई ओरडली. तिने वही ओढली, घड्याळ पाहिले, वेळ लिहिली. "पाच महिन्यांत पहिलं नवं क्रियापद! आणि वर सर्वनाम! वा काका, वा!" मग तिने पेन खाली ठेवले. "पण तुमचं मत कुणी विचारलेलं नाही. ती बोलतेय. तिचं तिला बोलू द्या."

काका हसू लागले. अर्धा चेहरा हसत नव्हता, उरलेला दुपटीने हसत होता. "पुढे चला," ते मला म्हणाले.

"मोठी... कांडी... हवी," मी म्हणाले. "काढायची... नाही."

"का?"

चौदा पानांत याला उत्तर नव्हते. टक्केवारी, आकृत्या, दातांची प्रकरणे, यातले काहीही या जिभेने उच्चारता येण्याजोगे नव्हते, आणि येते तरी ते या प्रश्नाचे उत्तर नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने मला एकही शब्द पुरवला नाही. मनात आले तर ती पाच मिनिटांत हातमोजे घालून स्वतः तो मणी फिरवून कांडी बाहेर काढू शकली असती. तिच्या हाताला ते काम येत होते, आणि आई म्हणून तिला कोणी विचारलेही नसते. ती थांबली होती.

मग मला जाणवले की माझ्याकडे एक नवे वाचन आहे, जे अहवाल लिहिताना नव्हते.

"तीन दिवस... दुखतंय," मी म्हणाले. लाळ पुसली. "खूप. घास... गिळता येत नाही. तरी... अजून... हवी आहे."

आईने खुर्ची जवळ ओढली.

"आधी हवी होती तेवढीच?"

मी विचार केला. असल्या प्रश्नाला घाईने उत्तर देणे बरे नव्हे.

"तेवढीच."

"मला ती अजिबात आवडत नाही," आई उठत म्हणाली. "आत्ताही नाही, पुढेही आवडणार नाही. हे स्वच्छ सांगून ठेवते." तिने पर्स खांद्याला लावली आणि मदतनीस बाईंना हाक मारून काकांचे उरलेले धडे सांगितले. "चल. आणि वाटेत बोलू नकोस, पुरे झालं आजच्यापुरतं."

दुकानात दादांनी मला पाहिले, मग आईला, आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. "या ताई. साहेब नाहीत आले?"

"साहेबांनी मोजायचं काम केलं," आई म्हणाली. "उरलेलं माझ्याकडे आलंय."

दादांनी छापील अर्ज पुढे केला. त्यात पालकांसाठी एकच ओळ होती: 'वरील कामास माझी हरकत नाही.' आईने ती दोनदा वाचली. मग 'नाही' खोडून वर 'आहे' लिहिले, शेजारी 'संमती देते' असे लिहिले, आणि सही केली.

दादांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "ताई, यातलं काहीतरी एकच ठेवा ना. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"दोन्ही सांगा. दोन्ही खरं आहे."

"हरकत आहे, तरी संमती आहे?"

"तुम्हाला मुलं नाहीत का?"

"दोन आहेत," दादा म्हणाले, आणि अर्ज फाइलला लावून हातमोजे घालायला गेले.

मी खुर्चीत बसले. दादांनी गॉझने जीभ धरली आणि सवयीने बाहेर ओढली.

"ओढू नका," आई म्हणाली. "ओढली की ती बारीक होते, तुम्हाला खरी जाडी दिसणारच नाही. तुम्ही आरसा धरा, मी धरते." तिने माझी हनुवटी तळहातावर घेतली, गाल थोडा बाजूला केला. "जीभ सोड. सैल. तोंडात पसरू दे, झोपेत असते तशी. ... हं, अशी. आता बघा."

दादा वाकले, बराच वेळ पाहत राहिले. "च्यायला," ते हळूच म्हणाले. "वीस वर्षं मी ओढूनच बघतोय."

"म्हणून वीसची कांडी लागत असेल सगळ्यांना," आई म्हणाली. "अंदाज बरोबर आला तुमचा, कारण माहीत नव्हतं."

दादांनी ट्रे जवळ ओढला. निर्जंतुक पाकिटांत दोन कांड्या होत्या. त्यांनी दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर धरल्या. "वीसची बसेल. पण सूज अजून दोन दिवस वाढणार असेल, तर बावीसची बरी. बावीसची दातांना थोडी लागेल, ते खरं. कुठली फोडू?"

त्यांनी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले. मग दादांनीही माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडात आईची दोन बोटे होती आणि जीभ, प्रथमच, आहे त्या जाडीची पडून होती.

मी हिशेब केला. दात महिनाभर सहन करू शकत होते. जीभ दोन तासही नाही. मी दोन बोटे वर केली, खाली घेतली, आणि पुन्हा दोन वर केली.

"बावीस," दादा म्हणाले आणि पाकीट फोडले.